पाळण्याच्या तळाशी चार चौकोन

दिनांक अकरा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. त्या क्षणी माझ्या अंगावर रंगाचे चार थर होते आणि मला खोलीच्या मधोमध उलटे पाडण्यात आले होते.

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. उलट्या पडलेल्या पाळण्याला उभ्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, ती जवळ येऊन वाकेपर्यंत फक्त पावले दिसतात. त्या सकाळी माझ्याभोवती तीन जोड्या पावले होती. एक जोडी रंगाचे शिंतोडे उडालेल्या चपलांची, म्हणजे रंगाऱ्याची. दुसरी या घरातील आजींची, मऊ आणि जागच्या जागी चुळबुळणारी. तिसरी जोडी सुजलेल्या पायांची होती. ती सुनेची. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळाच्या खोलीसाठी रंग निवडण्याचे काम सुरू होते. तिची पावले माझ्यापासून दोन हात दूर थांबली होती आणि जवळ येत नव्हती. मला तेव्हाच संशय आला.

मी संशयी आहे हे मान्य करतो. तो गुण मला घडवणाऱ्याचा आहे. या घरातील आजोबा एका तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत शिकवत असत. पहिले मूल होणार असे कळल्यावर त्यांनी संध्याकाळच्या वेळात मला तयार केले. माझ्यात खिळा एकही नाही. सारे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले आहेत. प्रत्येक कड त्यांनी आधी कानशीने, मग काचकागदाने घासली आणि शेवटी स्वतःच्या गालावर घासून पाहिली. मी पूर्ण झालो तेव्हा घरातील सर्वांनी कौतुक केले, पण त्यांनी मात्र माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तीन बाळांच्या वजनाएवढी वाळूची पिशवी माझ्यात ठेवून ते मला एक संपूर्ण संध्याकाळ झुलवत बसले. "करकरला नाही," असे म्हणून ते उठले. माझ्या आयुष्यातील ती पहिली शाबासकी.

मग त्यांनी मला रंग दिला. लाल मातीची बारीक पूड आणून ती उकळलेल्या जवसाच्या तेलात त्यांनी स्वतः कालवली. तो लाल भडक नव्हता. भाजलेल्या विटेवर पाणी शिंपडावे तसा तो दिसे. त्या रंगात त्यांची मोठी मुलगी झोपली.

दोन वर्षांनी मुलगा झाला. या वेळी रंग आजींनी निवडायचा असे ठरले. आजी तेव्हा अर्थातच आजी नव्हत्या. त्या बाजारात गेल्या आणि एक सीलबंद डबा घेऊन आल्या. पिवळा! इतका उजळ की खिडकी बंद असली तरी खोलीत ऊन आल्यासारखे वाटे. आजोबांनी तो लालवर चढवला, मात्र माझ्या तळाशी तळहाताएवढ्या चौकोनावर कागद चिकटवून तेवढा लाल उघडा ठेवला. आजींनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "वरून झाकला, तरी खाली काय आहे ते ठाऊक असलं पाहिजे." तीच या घराची रीत झाली. पुढे मोठ्या मुलीच्या मुलासाठी मला निळा रंग मिळाला, तिच्या मुलीसाठी पांढरा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या रंगाचा एक चौकोन तळाशी राखला गेला. चौथा चौकोन पांढऱ्याचा, तो त्यांच्या शेजारीच आखून घेतला. जुना रंग खरवडण्याची रीत मात्र कुणीच पाडली नाही. बाळ आले की नवा थर चढायचा.

पिवळ्या रंगाच्या काळात माझी जितकी वाहवा झाली तितकी नंतर कधीच झाली नाही. शेजारणी येऊन म्हणत, "पाळणा आहे की सूर्यफूल?" त्यात झोपणारा मुलगा शांत होता. त्याला दात येऊ लागले तेव्हा तो तासन्तास माझा उजवा कठडा चावत बसे. पोट दुखते म्हणून अधूनमधून कळवळे. बोलू लागला तोही उशिरा. लोक म्हणत, बापासारखा अबोल आहे. त्याच्या दातांच्या खुणा माझ्या कठड्यावर राहिल्या. त्यांवर निळा चढला, पांढरा चढला, पण खळगे बुजले नाहीत.

नंतर आजोबा गेले. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आले. तेथे माझ्या सोबतीला एक मोडका पंखा आणि रिकाम्या बरण्या होत्या. पांढऱ्याचे पापुद्रे निघू लागले. कोणी पाहिले नाही. पाळण्याला वर्षानुवर्षे वाट पाहावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता पुन्हा त्या सकाळकडे येऊ. ज्याच्या दातांच्या खुणा मी बाळगून आहे, तोच मुलगा आता बाप होणार होता. बाळासाठी पूर्वेकडची लहान खोली रिकामी केली होती. भिंतीवर रंगाऱ्याने नमुन्याचे सहा पट्टे ओढले होते आणि त्या सहांवरून घरात चार दिवस धुसफूस चालली होती. सुनेला राखाडी झाक असलेला फिका हिरवा हवा होता. आजींना पिवळा हवा होता, आणि तोही साधासुधा नव्हे.

"याच्या पाळण्याला होता ना, अगदी तोच," आजी म्हणाल्या. "खाली चौकोन आहे. बघून तसाच काढा."

"आजी, तुम्ही सांगाल तो काढतो," रंगारी म्हणाला. "पण एकदा काय ते दोघींनी मिळून ठरवा. परवा हिरव्याचा डबा फोडला, तो परत गेला. दुकानदार आता मला बघितलं की शटर ओढतो."

असे म्हणून त्याने माझ्या तळावरची धूळ बोटाने पुसली. त्याचे बोट लाल झाले.

सुजलेली पावले प्रथमच एक पाऊल पुढे आली. "हा लाल रंग कुठल्या कंपनीचा आहे, आई?"

"कंपनीचा कसला! ह्यांनी घरी कालवला होता."

"कशात?"

"तेलात. पूड आणली होती कुठूनशी."

"कुठून?"

"आता चाळीस वर्षांपूर्वीची पूड कुठून आणली ते मी काय सांगू? ते असते तर त्यांनाच विचारलं असतंस."

सुनेने तो चौकोन पुन्हा निरखला. ती औषधांच्या कारखान्यात माल तपासण्याचे काम करते. बाजारातून आणलेल्या पुड्याची तारीख ती दोनदा वाचते, आणि नवरा तिला घरी 'तपासणी नाका' म्हणतो. आदल्या आठवड्यात ती फोनवर नव्या, पांढऱ्याशुभ्र पाळण्यांची चित्रे पाहत होती, हे त्याने आजींना हसत हसत सांगितले होते. मी ते ऐकले होते. दोन गोष्टी जोडायला मला वेळ लागला नाही. या बाईला मी नको आहे आणि ती आता निमित्त शोधते आहे, असा मी निष्कर्ष काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच खोलीत आली. दार लोटून घेतले. हातात रबरी मोजे चढवले. तिने एका पाकिटातून टोकाला कापूस असलेली काडी काढली, ती एका द्रवात भिजवली आणि माझ्या तळाच्या लाल चौकोनावर सावकाश घासली. कापूस लाल झाला. तिने काडी उजेडाकडे धरून पाहिली आणि ती कागदात गुंडाळून ठेवली.

संध्याकाळी तिने सर्वांसमोर सांगितले. जुन्या रंगांत, विशेषतः लाल आणि पिवळ्यांत, शिसे असू शकते. शिसे बाळाच्या पोटात गेले तर पोट दुखते, वाढ खुंटते, मेंदूवरही परिणाम होतो. शिसे असेल तर काडी लाल होते. काडी लाल झाली आहे.

आजींनी विचारले, "म्हणजे ह्यांनी पोटच्या पोरीला विष चाटवलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, आई. त्यांना माहीत नसणार."

"त्यांना? कडा गालावर घासून बघणाऱ्या माणसाला?"

ही बातमी फोनवरून आत्याला कळली आणि ती तासाभरात येऊन थडकली. आत्या म्हणजे आजोबांची तीच मोठी मुलगी. "मी झोपले की त्या लालमध्ये! मला काय झालं?" तिने कमरेवर हात ठेवून विचारले.

"काही झालं नाही असं कोण म्हणतं, ताई?" तिचा भाऊ म्हणाला. एरवी या विनोदावर घर हसले असते. त्या दिवशी कोणी हसले नाही.

"वहिनी, स्पष्ट बोल," आत्या म्हणाली. "तुला नवीन पाळणा हवा असेल तर तसं सांग. बाबांच्या नावाला बट्टा कशाला?"

"मला फक्त माझ्या बाळाच्या तोंडात काय जाणार आहे ते कळायला हवं, ताई," सून म्हणाली आणि उठून गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस वाईट होते. भिंतीवरचे सहा पट्टे वाळून कोरडे झाले. रंगारी दारात येई आणि चेहरे पाहून आल्या पावली परत जाई. आजी सुनेच्या प्रत्येक शब्दात दुसरा अर्थ शोधत. सून आजींच्या हातचे पाणीसुद्धा निरखून पीत असे, निदान आजींना तसे वाटे. आणि मी, उलटा पडलेला, दोघींवरही संशय घेत होतो. आजी मला केवळ आठवण म्हणून ठेवू पाहतात, आणि सून मला केवळ धोका म्हणून फेकू पाहते. बाळाला झुलवण्यासाठी मी कोणालाच नको होतो की काय?

एका सकाळी आजी पाण्याची वाटी आणि पांढरे फडके घेऊन आल्या. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना तपासणी वगैरे काही करायची नव्हती. नवऱ्याचा रंग धुळीत पडला आहे हे त्यांना बघवत नव्हते, एवढेच. त्यांनी फडके भिजवून लाल चौकोन पुसला, आणि त्यांचा हात थांबला. फडके लाल झाले होते. जुन्या तेलाचा जोर ओसरून तो रंग खडूसारखा भुसभुशीत झाला होता. हात लावावा तर हाताला लागत होता.

"इकडे ये गं जरा," त्यांनी हाक मारली. सून दारात आली. "हे साधं पाणी आहे. नळाचं. यालाही विष सापडलं वाटतं?"

सुनेने फडके पाहिले. मग वाटी पाहिली. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नाही, आई. माझीच परीक्षा चुकली. लाल होणारी काडी लाल रंगावर चालवायचीच नसते. नुसता रंग लागला तरी ती लालच दिसणार. कारखान्यात कुणी असं केलं असतं ना, तर मी त्याला उभं केलं असतं."

"मग झालं तर!" आजींचा स्वर विजयी होता.

"झालं नाही. मी चारातला एकच चौकोन तपासला. घरी कालवलेला म्हणून त्याच्यावरच डोळा ठेवला. बाकीचे तीन मी बघितलेच नाहीत."

"बाकीच्यांत काय असणार? पिवळा तर मी स्वतः आणलाय. सीलबंद डबा."

"म्हणून तर माझा त्याच्यावर संशय गेला नाही."

तिने मोजे चढवले आणि नवी काडी काढली. पण या वेळी आजींनी तिचा हात धरला. "थांब. आधी माझं फडकं." त्यांनी फडक्याची कोरडी बाजू पाण्यात भिजवली आणि पिवळ्या चौकोनावर चांगली रगडली. फडके पांढरे राहिले. "बघ. याचा रंग लागत नाही. आता तुझी काडी चालव."

काडी फिरली. थोडा वेळ काहीच घडले नाही. आजींनी सुस्कारा सोडला. मग कापसाच्या कडेला गुलाबी छटा उमटली, आणि बघता बघता ती गडद झाली.

"पुन्हा कर," आजी म्हणाल्या.

सुनेने पुन्हा केले. पुन्हा तेच. आजींनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि काडीकडे न पाहता माझ्या उजव्या कठड्याकडे पाहिले. पांढऱ्या आणि निळ्याच्या खाली तेथे चाव्यांचे खळगे होते, आणि त्यांच्या कडेला पापुद्र्यांआडून पिवळा डोकावत होता.

"दात येत होते तेव्हा हा कठडा सोडायचाच नाही तो," त्या पुटपुटल्या. "मी म्हणायचे, चावू दे, तेवढाच शांत राहतो."

काडीवर पूर्ण विसंबायचे नाही असे सुनेने ठरवले. रंगाऱ्याने तोंडाला मुसके बांधून, पाणी मारून, चारही चौकोनांचे चिमूटभर खरवडण काढले आणि ते वेगवेगळ्या पुड्यांत प्रयोगशाळेकडे गेले. उत्तर आले. बाळांच्या वस्तूंवरील रंगात दहा लाख भागांमागे नव्वद भागांपर्यंत शिसे चालते. निळा आणि पांढरा जेमतेम त्याच्या आत होते. आजोबांचा लाल सर्वांत स्वच्छ निघाला. ती खरोखरच नुसती माती होती. पिवळ्याचा आकडा होता एकोणपन्नास हजार.

"म्हणजे गणितात मी का आपटायचो ते आज कळलं," मुलगा म्हणाला. त्याने आईकडे पाहिले आणि त्याचे हसू विरले. आजी रडत नव्हत्या. त्या आपली बोटे पाहत होत्या, जणू त्यांवर अजून तो रंग असावा.

सून त्यांच्याजवळ बसली. "आई, इतक्या वर्षांनी कोणताही डॉक्टर काही सांगू शकणार नाही. कदाचित काहीच झालं नसेल. आणि डब्यावर कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही विचारणार तरी काय?"

"तू विचारलं असतंस," आजी म्हणाल्या. "दहा वेळा विचारलं असतंस. दुकानदाराला रडवलं असतंस." मग त्या उठल्या. "जाळून टाका तो."

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? ज्या आजींवर माझी सारी भिस्त होती, त्यांनीच मला आगीत घालायला सांगितले.

"अहो आजी, जाळता कसले!" रंगारी दचकून म्हणाला. "तो धूर सगळ्या गल्लीच्या नाकात जाईल."

"आणि जाळायचं कशाला?" सून म्हणाली. "रंग खोटा निघाला. लाकडाने काय केलंय? सांधे बघा, अजून हलत नाहीत. असा पाळणा मला बाजारात मिळाला असता तर मी नवीन कशाला शोधत बसले असते?"

मी तिच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला होता. तिने मात्र माझ्या रंगावर संशय घेतला होता, माझ्यावर नाही. हा फरक मला उलटे पडून कळला.

सुनेला आठवडाभर आत्याकडे पाठवण्यात आले. आत्या तिला न्यायला स्वतः आली आणि पिशवी उचलताना म्हणाली, "चल बाई. माझं घरही तपासून घे एकदा. त्याच पाळण्यात माझी दोन वाढली आहेत." ती हसत होती, पण दोन्ही मुलांच्या रक्ताची तपासणी तिने त्याच आठवड्यात करून घेतली. त्यात काही निघाले नाही, तेव्हा कुठे तिचा आवाज पूर्वीसारखा चढला.

इकडे मागच्या अंगणात रंगाऱ्याने मला सतत ओले ठेवून खरवडले. कोरडे घासले तर धूळ उडते आणि विष हवेत जाते, म्हणून तो चार हात चालला की थांबून पाणी मारी. पडलेला प्रत्येक पापुद्रा त्याने खाली पसरलेल्या जाड कागदावर गोळा केला आणि पिशवीत बांधून दिला. पांढरा गेला, निळा गेला, पिवळा गेला. आजी दुरून खुर्चीत बसून पाहत होत्या. "कोपऱ्यात राहिलाय," त्या म्हणत. "आजी, तुम्ही वहिनींच्या वरताण झालात," रंगारी म्हणे. खळग्यांमधला पिवळा काढता काढता ते खळगेही गेले. त्याचे मला थोडे वाईट वाटले. ती माझ्याजवळची एका बाळाची एकमेव खूण होती. उघड्या लाकडाचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेत गेला आणि स्वच्छ ठरून आला. सारे अंग उघडे झाले, फक्त तळाशी आजोबांचा लाल चौकोन तेवढा आजींनी राखायला सांगितला.

राहिल्या भिंती. सून परतली तेव्हा सहा पट्टे अजून तसेच होते. आजींनी पिवळ्याचे नाव काढले नाही. "तुझा हिरवा लाव," त्या म्हणाल्या.

"तीन भिंतींना लावते," सून म्हणाली. "पाळण्यामागच्या भिंतीला बाबांचा लाल. पण फिका, दूध घातल्यासारखा."

आजींनी तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिले. "माझी समजूत काढते आहेस?"

"समजूत कसली, आई? या घरात तपासून सर्वांत खरा उतरलेला रंग तोच आहे."

आजींनी थोडा विचार केला. मग रंगाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "डबा आधी मला दाखवा. त्यावर काय काय लिहिलंय ते मी वाचणार आहे. सगळं."

मित्रांनो, मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. जुन्या वस्तू फेकू नका, आणि त्या जुन्या आहेत म्हणून त्यांच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. बाळाच्या हाती काही देण्यापूर्वी विचारा, वाचा, तपासा. संशय जरूर घ्या, पण तो सर्वांवर सारखा घ्या. जे आपल्याला आवडते, जे आपण स्वतः निवडले आहे, त्याच्यावर तर आधी घ्या. आणि दोष रंगाचा असेल, तर लाकडाला शिक्षा करू नका.

आता मी पूर्वेच्या खोलीत, फिक्या लाल भिंतीपुढे सरळ उभा आहे. माझ्या अंगावर रंग नाही. माझ्यात झोपणाऱ्या बाळाला नुकतेच दात येऊ लागले आहेत. परवा ते माझा उजवा कठडा तोंडात धरून बसले होते. सुनेने ते पाहिले. आजींनीही पाहिले. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या आणि दोघींपैकी कोणीही त्याला ओढून बाजूला केले नाही.

उजव्या कठड्यावर दातांच्या नव्या खुणा: चार.